'डार्केस्ट अवर' पाहून चर्चिल आवडायला लागला, यात चुकलं कुठे?

देवळालीकर:
आमच्या घरात चर्चिलचं नाव शिवीसारखं घेतलं जायचं. आजोबा देवळाली कॅम्पात मजुरीला जायचे, गोऱ्या पलटणी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवणारा माणूस, एवढीच त्याची ओळख मला होती. परवा रात्री त्याच्यावरचा 'डार्केस्ट अवर' (२०१७) हा सिनेमा पाहिला. मे १९४०. फ्रान्स कोसळतोय, स्वतःच्याच पक्षाला हा पंतप्रधान नकोसा आहे, परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स इटलीमार्फत हिटलरशी तहाची बोलणी करू म्हणतोय. हा म्हातारा एका कोंदट खोलीत एकटाच बसून अमेरिकेच्या अध्यक्ष रूझवेल्टकडे फोनवर विमानं मागतो आणि पलीकडून कायद्याची अडचण पुढे केली जाते. तिथे माझा जीव तुटला. पुढे तो भुयारी रेल्वेत शिरतो, साध्या माणसांना विचारतो, 'शरण जायचं का?' लहान पोरगीसुद्धा नाही म्हणते. मी रडले. ज्याचा लहानपणापासून राग केला, त्याच्यासाठी रडले. यात माझं काय चुकलं?

गोदाकाठ:
ताई, रडलात त्यात चूक नाही, पण ज्या प्रसंगाला रडलात तो घडलेलाच नाही. रेल्वेचा तो प्रवास लेखकाने रचलाय. सिनेमात चर्चिलची म्हणून दाखवलेली टायपिस्टसुद्धा खऱ्या आयुष्यात १९४१ च्या मे महिन्यात त्याच्याकडे कामाला लागली. आणि सिनेमातला तो पडखाऊ हॅलिफॅक्स कोण? आपला लॉर्ड आयर्विन! १९३१ साली गांधीजींना समोर बसवून करार करणारा व्हाइसरॉय. 'अर्धनग्न' हा शेरा चर्चिलने मारला तो याच भेटीवर चिडून. म्हणजे ज्याने आपल्या माणसाशी बोलणी केली त्याचा तुम्हाला राग आला, आणि ज्याला ती बोलणी खुपली त्याच्यासाठी डोळे भरले. हे सगळं दोन तासांत.

शिवाय सिनेमा ४ जून १९४० च्या भाषणावर थांबतो. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यात येणारच कसा? तांदूळ नव्हता, ब्रह्मदेश जपानने घेतलेला, किनाऱ्यावरच्या नावा सरकारनेच काढून घेतलेल्या. दिल्लीहून धान्यासाठी विनवण्या जात होत्या आणि लंडनचं युद्धमंत्रिमंडळ जहाजं सोडायला टाळाटाळ करत होतं. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यू १५ लाख धरले, पुढच्या अभ्यासकांचे आकडे ३० लाखांपर्यंत जातात. तेव्हाचा व्हाइसरॉय व्हेवेल याच्या रोजनिशीत १९४४ ची नोंद आहे: चर्चिलची तार आली, गांधी अजून मेले कसे नाहीत म्हणून. हा माणूस मला एका सिनेमापायी आवडून घ्यायचा नाही.

सिडकोवाला:
आयर्विनला एवढं डोक्यावर घेऊ नका, दादा. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले ते त्याच्याच कारकिर्दीत, २३ मार्च १९३१ ला. आपल्या बाजूने पाहिलं तर दोघेही साम्राज्याचेच नोकर. पण १९४० साली हिटलरशी तह झाला असता तर जगाचं काय झालं असतं, हा प्रश्न उरतोच. त्या महिन्यात चर्चिल बरोबर होता. बंगाल त्याने पुसला जात नाही, आणि बंगालमुळे तो महिनाही पुसला जात नाही.

गोदाकाठ:
मान्य. पण तो महिना जगाला पाठ आहे. बंगालवर एवढ्या खर्चाचा सिनेमा दाखवा मला.

शाळामास्तर, नाशिकरोड:
दहावीच्या वर्गातला अनुभव सांगतो. युद्ध शिकवताना पोरं हाच सिनेमा सांगतात, रेल्वेच्या डब्यासकट. दुष्काळाबद्दल विचारलं की वर्ग गप्प. सिनेमाचा राग नाही येत, माझाच येतो. तो धडा मीही दोन वाक्यांत उरकत आलोय.

देवळालीकर:
आयर्विन हाच हॅलिफॅक्स, हे मला खरंच माहीत नव्हतं. काल ते समजल्यावर परत लावला. या वेळी हॅलिफॅक्सचं बोलणं नीट ऐकलं. तो भित्रा नाही वाटला, माणसं वाचवू पाहणारा वाटला, तरी चुकलेलाच. फोनचा प्रसंग आला तेव्हा मात्र परत गलबललं, ते खोटं कशाला सांगू. फक्त या खेपेला मनात आलं, अशीच विनवणी दिल्लीहून धान्यासाठी येत होती, आणि तेव्हा अडून बसलेला हाच होता.