मदत हवी आहे: कापडी पिशवी की प्लास्टिकची? आकडेच जुळत नाहीत

नमस्कार. मी पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी कापडी आणि प्लास्टिक पिशवीच्या जीवनचक्र मूल्यांकनाची (कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांच्या हिशोबाची) तुलना घेतली. विषय सोपा वाटला होता, पण तीन आठवडे त्यातच अडकले आहे.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २०११ चा अहवाल सांगतो की हवामानबदलापुरतं पाहिलं तर पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी व्हायला कापडी पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अहवालात हाच आकडा ५२ आहे, आणि हवामानबदलासोबत पर्यावरणाचे बाकी सगळे निकष धरले तर थेट ७१००! म्हणजे रोज वापरली तरी १९ वर्षांहून जास्त.

गटातल्या दोघी म्हणतात, ७१०० च टाकू, सादरीकरणात उठून दिसेल. मला ते पटत नाही. माझी पिशवी आत्ता समोरच आहे. एका बंदाची शिवण दोनदा उसवली, दोनदा घातली, तळाला शाईचा डाग आहे. १३१ वेळा ती नक्की वापरली असेल. आजवर सगळ्यांना कापडी पिशवी वापरा म्हणून सांगत आले, ते चूक होतं का? कोणता आकडा धरू?

प्रतिसाद
चूक नव्हतं. आकडा निवडण्याआधी दोन्ही अहवालांत तुलना कशाशी केली आहे ते बघा. ब्रिटनची १३१ ही तुलना पातळ एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या) पिशवीशी आहे, तीही पुन्हा न वापरलेल्या. डेन्मार्कने एलडीपीई (कमी घनतेच्या पॉलिथिनची) पिशवी धरली, आणि ती शेवटी कचऱ्याच्या डब्यात घालायला वापरली जाते असं मानलं. समोरची वस्तूच वेगळी, मग उत्तर एक कसं येईल?

७१०० ही सरासरी नाही. कापडी पिशवी ज्या निकषात सर्वांत मागे पडते, म्हणजे ओझोन थराची हानी, त्यावरून तो आकडा आला आहे. तो एकटा छापणं मला तरी अप्रामाणिक वाटतं. आणि उघड्यावर, समुद्रात जाणारा कचरा त्या अहवालात मोजलेलाच नाही. हे ठळक लिहा, परीक्षक नेमकं तिथेच विचारतात.

धागाकर्ती
खूप आभार! कचऱ्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आता तिन्ही आकडे त्यांच्या गृहीतकांसकट एका तक्त्यात घेते. एकच शंका: पिशवी जुन्या चादरीची शिवली असेल, तर कापसाच्या शेतीचं पाणी, खत तिच्या खात्यात धरायचं का?

प्रतिसाद
कट-ऑफ पद्धत (आधीच्या वस्तूचा पर्यावरणावरचा भार नव्या वस्तूवर न टाकणारी) घेतली तर नाही, तो भार चादरीच्या खात्यात राहतो. पिशवीकडे शिलाई, धुणं आणि शेवटची विल्हेवाट येते. दुसऱ्या पद्धतींत भार वाटून देतात. कोणती घेतली आणि का, हे पहिल्याच पानावर लिहा.