‘विविक्त’, ‘सुटा’ की ‘रवाळ’?

अवकाश आणि काळावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. काळ अखंड आहे की त्याचेही अविभाज्य कण असतात, असा विषय. ‘सतत’ आणि ‘खंडित’ लिहिलंय, पण वाचताना खटकतंय. दुसरं काही सुचवा.

— खटकणारच! ‘सकाळपासून सतत फोन येतोय’ म्हणतो तेव्हा मधे तो बंदही असतोच की. म्हणून गणितात ‘संतत’ आहे. ‘खंडित’ तर नकोच. वीजपुरवठा खंडित होतो, म्हणजे तो मुळात सलग असायला हवा होता. इथे काही तुटलेलंच नाही. ‘विविक्त’ घ्या, म्हणजे मुळातच वेगवेगळं असलेलं.

— ‘विविक्त’ किती जणांना कळेल? गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘विविक्तदेशसेवित्वम्’ आहे, तिथे अर्थ एकांताची जागा. (धातू ‘विवेक’चाच, वेगळं काढणं.) आणि ‘संतत’ म्हटलं की मला संततधार आठवते, ती तर थेंबाथेंबांची! अखंडपणाला तेलाच्या धारेची उपमा देणारे जुने लोक जास्त काटेकोर. मी ‘सलग’ आणि ‘सुटा’ लिहीन.

— काळाच्या कणाला ‘एकक’ म्हणताना मात्र जपून. घटका 24 मिनिटांची, पळ 24 सेकंदांचं, विपळ 0.4 सेकंदाचं, ही झाली मोजायची मापं. मीटरने मोजलं म्हणून ताग्यात मीटर-मीटरचे तुकडे नसतात. प्लांक काळ (भौतिकशास्त्रातल्या मूलभूत स्थिरांकांवरून काढलेलं कालमान), सुमारे 5.4 × 10⁻⁴⁴ सेकंद, हा काळाचा सर्वांत लहान कण आहे असं लेखात ठोकून दिलं असेल तर ते सिद्ध झालेलं नाही. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला पायऱ्या असतात हे खरं, पण त्या पायऱ्या ज्यातून निघतात त्या श्रोडिंगरच्या समीकरणातला काळ सलगच आहे. काळाचा खराखुरा कण हवा असेल तर योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातला ‘क्षण’ बघा: हललेल्या परमाणूला आधीची जागा सोडून पुढची गाठायला लागतो तेवढा काळ. गंमत म्हणजे वैशेषिक दर्शनाचे लोक पदार्थ परमाणूंचे बनलेत म्हणतात, पण काळ एकच आणि सर्वव्यापी मानतात.

— ‘रवाळ’ का नको? आजी कढवलेलं तूप रवाळ झालं की खूश व्हायची. रवाळ अवकाश!

— शब्द झकास आहे, पण रव्यांच्या मधे पातळ तूप असतं. सुट्या नाण्यांच्या मधेही जागा असतेच. अवकाशाच्या दोन दाण्यांमधे काय ठेवाल? जागा ठेवलीत तर तेही अवकाशच.

— हे पटलं. म्हणजे ‘सुटा’ही अडचणीचाच. मजकुरात ‘संतत’ आणि ‘विविक्त’ ठेवतो, तुपाचा दाखला पहिल्या परिच्छेदात देतो आणि तो कुठे लंगडा पडतो तेही तिथेच सांगतो. ‘रवाळ’ शीर्षकात घालायचा मोह आहे, संपादकांनी कापला नाही तर.