मदत हवी आहे : अलिबागजवळ आजोबांचं गाव बघायला एकटीच येतेय, राहायला जागा मिळेना

ठाण्याची_पाखरू
लोकहो, जरा लवकर सांगा. पाठीवर एक सॅक घेऊन एकटीच येतेय. आठवडाभर अलिबागच्या आसपास जमेल तेवढं पायी फिरायचंय, मुख्य म्हणजे नवगाव बघायचंय. होमस्टे ठरवला होता, पैसेही भरले होते. पासपोर्टचा फोटो पाठवल्यावर मालकांचा मेसेज आला, "सॉरी मॅडम, फॉरेनर घेत नाही." दुसऱ्या ठिकाणीही तेच. माझा जन्म ठाण्यातला, चौथीपर्यंत शाळाही तिथलीच, मालकांशी बोलले ते सगळं मराठीत. खूप वाईट वाटलं. तिकीट काढून झालंय. आजोबांच्या तोंडी सतत नवगाव असायचं, ते बघितल्याशिवाय मी परत जाणार नाही. तिथे राहायची सोय कुणाला माहीत आहे का?

कुलाबकर
नवगाव की नागाव? नागाव अलिबागच्या दक्षिणेला, चौलच्या वाटेवर, होमस्टेंची गर्दी तिथे. नवगाव उत्तरेला, थळच्या पुढे. पासपोर्ट कुठला? येताय कधी?

ठाण्याची_पाखरू
नवगावच. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या आमच्या पूर्वजांची दफनभूमी आहे ना, तेच. पासपोर्ट इस्राएलचा, ई-व्हिसा काढलाय. जुलैचा पहिला आठवडा.

मुक्काम_पोस्ट_हिमालय
जुलैत कोकण?? ताई, कसोल नाहीतर धरमकोटला जा. तिथे इस्राएली मुलंमुली ढिगाने असतात, मेन्यूकार्डसुद्धा हिब्रूत. एकटीला सोबत मिळेल.

गड_आणि_घाट
जुलैत हिमाचलात काय ऊन पडतं का? दरडी कोसळतात तिथे. पाऊस टाळायचा तर स्पिती.

ठाण्याची_पाखरू
कसोल आमच्या ऑफिसातले निम्मे लोक करून आलेत. मला माझं गाव बघायचंय.

पाहुणचार
आमचं स्वतःचं छोटं लॉज आहे म्हणून सांगते, होमस्टेवाल्यांवर रागावू नका. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत ऑनलाइन सी फॉर्म भरावा लागतो. त्यासाठी आधी नोंदणी लागते, ती घरगुती होमस्टेवाले सहसा करत नाहीत. अलिबाग गावातल्या हॉटेलांना फोन करा आणि भाव विचारायच्या आधी "सी फॉर्म भरता का?" एवढंच विचारा.

दर्यावर्दी
गेटवेहून मांडव्याच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, पण समुद्र खवळला की तीही रद्द. सरळ पनवेलहून एसटी धरा.

नियमाप्रमाणे
ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) काढा, दर वेळी व्हिसाची कटकट नको. पण तुम्ही तिथल्या लष्करात असाल तर मिळणार नाही.

कुलाबकर
चूक. २०१७ च्या जुलैत मोदी तेल अवीवला गेले तेव्हा सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही ओसीआय देऊ असं त्यांनी जाहीर केलं होतं. आणि ते काढायला आता वेळ कुठे आहे? आजचा प्रश्न राहायच्या जागेचा आहे.

भाऊ_थळकर
आमच्याकडे थळला या, कोळंबीचं कालवण आणि चिंबोऱ्या अशा मिळतील की बोटं चाटत राहाल!

इस्राएल_आळी_शेजारी
भाऊ, कोळंबी-चिंबोरी त्यांना चालत नाही. आमचं लहानपण अलिबागच्या इस्राएल आळीला लागून गेलं. पूर्वी तेलाचे घाणे त्यांचे, शनिवारी बंद, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची. आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं. आईच्या मैत्रिणीकडे नवस फेडायचा असला की मलिदा व्हायचा : भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची आणि ताटात भोवती फळं. पहिली वाटी आमच्या घरी यायची. पाखरू, खंडाळ्यालाही जा, लोणावळ्याच्या नव्हे, अलिबागजवळच्या. एलियाहू हन्नबींच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूंच्या, रथाच्या चाकाची खूण म्हणून तुमचे लोक मानतात तो खडक तिथे आहे. पायात बूट हवेत, जुलैत गवतात साप असतात. आणि आडनाव काय तुमचं?

ठाण्याची_पाखरू
मलिदा आमच्याकडे अजून होतो! आडनाव झिराड.

इस्राएल_आळी_शेजारी
अहो, मग हे आधी सांगायचं! नवगाव सगळ्या बेने इस्राएलांचं मूळ ठिकाण, म्हणून आजोबा ते नाव घेत असतील. तुमचं घराणं बहुतेक झिराडचं. अलिबाग-रेवस रस्त्यावर आहे गाव. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, तसेच तुम्ही.

संदर्भ_शोधक
कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड तुमच्यातल्याच का? १९६६ ची पद्मश्री.

परशुरामभूमी
किनाऱ्याला लागलेल्या चौदा देहांची कथा चित्पावनांचीही आहे. नवगावलाही सात पुरुष, सात बायका वाचल्याचं सांगतात. दोन्ही कुळं एकच असणार, माझी खात्री आहे.

संदर्भ_शोधक
चौदाचा आकडा जुळला म्हणून कूळ एक होत नाही. एका कथेत परशुराम मेलेल्यांना जिवंत करतो, दुसरीत माणसं बुडताना वाचतात.

पाहुणचार
यासाठी वेगळा धागा काढा ना. तिला जागा मिळाली का?

ठाण्याची_पाखरू
मिळाली! अलिबाग स्टँडजवळ एक हॉटेल सी फॉर्म भरतो म्हणालं, तीन रात्री पक्क्या. डॉक्टरीणबाईंशी नातं आहे का ते आत्याला विचारते. शेजारीकाका की काकू, तुमचे मनापासून आभार. झिराडचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तिथे जुनं घर कुणाला विचारायचं?

कुलाबकर
आधी ग्रामपंचायतीत. जमीन असेल तर तलाठ्याकडे फेरफार नोंदी. त्याहून जुने कागद तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळू शकतात, रीतसर अर्ज करून. पणजोबांचं पूर्ण नाव आणि अंदाजे साल पाहिजे. आहे का?

ठाण्याची_पाखरू
पणजोबांचं नाव आहे, त्यांच्या वडिलांचंही. साल नाही. आत्याकडे जुना लग्नाचा करारनामा, म्हणजे आमचा केतुबा आहे, त्यावर तारीख असेल. शनिवारी जाऊन बघू का?

कुलाबकर
शनिवारी कचेरी बंद, आणि तुमचाही शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार. सोमवारी सकाळी जा. केतुब्याचा फोटो मोबाईलवर ठेवा आणि नावं देवनागरीत कागदावर लिहून न्या.