हरणाचं मांस भरपूर शिजवलं की रोगाची भीती नाही?

प्रश्न: अमेरिकेत विस्कॉन्सिनला नवीन आहोत. शेजारच्या काकांनी शिकारीचं मांस दिलंय. "कुकरच्या जास्त शिट्ट्या काढ, रोगबिग मरतो," असं मैत्रीण म्हणते. खरंय?

उत्तर: नाही हो ताई! इथल्या हरणांत २००२ पासून सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग) सापडतोय. त्याचं कारण जंतू नव्हे, बिघडलेलं प्रथिन आहे, प्रायॉन. शिजवून नष्ट होत नाही. माणसाला झाल्याची खात्रीशीर नोंद नाही, तरी रोग आढळलेलं मांस खाऊ नका असंच सांगतात. हरीण धडधाकट दिसत होतं, यावर मुळीच जाऊ नका. लक्षणं फार उशिरा दिसतात. डोकं तपासणीला दिलं का, ते काकांना आजच विचारा. तपासणी फुकट असते.

 

प्रश्नकर्ती: विचारलं. डोकं दिलंय, निकाल यायचाय. मांस फ्रीझरमध्येच ठेवते.