मदत हवी: तीन रूपांचा तक्ता पाठ आहे, पण बोलताना एकही रूप आठवत नाही

शाळेत गो-वेन्ट-गॉन घोकलं होतं. आता कामासाठी रोज इंग्रजी बोलावं लागतं, म्हणून तोच तक्ता पुन्हा काढून बसले आहे. अक्षरक्रमाने रोज वीस क्रियापदं करते. तक्त्यातलं कुठलंही विचारा, धडाधड सांगेन. पण बोलायला तोंड उघडलं की 'आय कॅच्ड', 'शी टीच्ड', आणि काल तर चक्क 'ही ब्रँग'! हे कुठून आलं देव जाणे. 'आय डिडन्ट वेन्ट' तर रोजचंच. चूक लगेच कळते, आणि मग पुढचं सगळं अडखळत जातं. यांना काही नियम आहे का, की घोकंपट्टीच करायची?

प्रतिसाद १
ब्रँग कुठून आलं ते सांगतो. सिंग-सँग, रिंग-रँग, म्हणून ब्रिंग-ब्रँग. तुमच्या कानाने चाल बरोबर पकडली, फक्त ब्रिंग त्या घरातलं नाही. ते ब्रॉट, बॉट, थॉट, कॉट, टॉट, फॉट यांच्या घरातलं. म्हणजे कान आवाजाने लक्षात ठेवतोय आणि तुम्ही त्याला अक्षरक्रम शिकवताय. तो तक्ता फाडा, किंवा निदान कापून पुन्हा जुळवा: ड्रिंक-ड्रँक आणि स्विम-स्वॅम एकीकडे, कीप-केप्ट आणि स्लीप-स्लेप्ट दुसरीकडे, नो-न्यू, ग्रो-ग्रू, थ्रो-थ्रू तिसरीकडे. कट, पुट, हिट, शट यांचं काहीच बदलत नाही, ती फुकटात मिळाली. फसवी असतातच. 'शो'चं 'शू' करू नका, ते साधं 'शोड'.

दुसरं म्हणजे, लहान मूल 'मी करलं' म्हणतं ते ऐकलंय ना? ते नियमच लावत असतं. केलं, गेलो, आलो, झालं हे आपण तक्त्यातून शिकलो नाही. ही क्रियापदं उठताबसता कानावर पडतात म्हणूनच वाकडी राहून टिकली. इंग्रजीतही तसंच. कमी वापरातली बरीचशी कालांतराने सरळ झाली. 'हेल्प'चं सुद्धा पूर्वी 'होल्प' होतं. तेव्हा बी, हॅव्ह, डू, से, गेट, मेक, गो, नो, टेक, सी या दहांपासून सुरुवात करा. सर्वाधिक वापरातली हीच, आणि दहाही अनियमित.

प्रतिसाद २
'डिडन्ट वेन्ट'बद्दल. 'डिड' हाच 'डू'चा भूतकाळ. तो एकदा आला की पुढचं क्रियापद मूळ रूपातच राहतं. मी स्वतःशीच सवाल-जवाब करायचो: डिड यू ब्रिंग इट? येस, आय ब्रॉट इट. नो, आय डिडन्ट ब्रिंग इट. एका क्रियापदाचे तीन वेढे, मोठ्याने. मनातल्या मनात केलं तर उपयोग शून्य. मी केलंय ते.

धागाकर्ती
ब्रँगचं मूळ वाचून हसू आलं, पण पटलं. आज ब्रॉटचं घर घेऊन सवाल-जवाब करून पाहिले, 'कॉट' दोनदा न अडखळता आलं. एक राहिलंच: 'रीड' भूतकाळातही तसंच लिहितात ना? मग ते कट-पुटच्या गटात टाकू का?

प्रतिसाद १
नको, लिखाणावर जाऊ नका. भूतकाळात त्याचा उच्चार 'रेड' होतो, म्हणून ते फीड-फेड, लीड-लेड यांच्याबरोबर. त्या दोघांचं स्पेलिंग बदलतं, याचं तेवढं बदलत नाही.