हेलियम विजयदुर्गावर सापडला की गुंटूरला?

कोकणवाट: विजयदुर्गाला गेलो होतो, किल्ल्यावर ते साहेबाचे कट्टे बघितले, गाईड म्हणाला लॉकियर साहेबाने (इंग्रज खगोलशास्त्रज्ञ) १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात इथूनच हेलियम शोधला. पण नेटवर सगळीकडे गुंटूर येतंय. नक्की खरं काय? आणि सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या (प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्यातल्या) नुसत्या एका पिवळ्या रेषेवरून नवीन मूलद्रव्य आहे हे ठरवतात तरी कसं??

दुर्बीणवाला: लॉकियर १८६८ ला भारतात नव्हताच हो. गुंटूरला होता फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, त्याला सूर्याच्या कडेच्या ज्वाळांतल्या रेषा इतक्या लख्ख दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या परत पकडल्या. लॉकियरने हेच काम २० ऑक्टोबरला इंग्लंडात स्वतंत्रपणे केलं. विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, त्यामुळे कट्टे त्याचे असतील तर तेव्हाचे. आणि तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेला पृथ्वीवरच्याच क्लेव्हाइट खनिजात हेलियम मिळून (१८९५) तीन वर्षं होत आली होती. पण गावात हे सांगून बघा, कोण ऐकतंय 😄

अणुरेणू: रेषेचं सांगतो. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला असतात, गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकलं की जो पिवळा भडका होतो ना तो त्यांचाच. सूर्यावरची ती पिवळी रेषा निघाली ५८७.६ ला, म्हणजे ती सोडियमची नाही. फरक किरकोळ वाटतो पण रेषा सरकत नसते, अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या पायऱ्या ठरलेल्या, त्यामुळे प्रकाशाची तरंगलांबीही ठरलेली. बुन्सेन-किरचॉफ या शास्त्रज्ञांनी १८६०-६१ ला सीझियम, रुबिडियम ही मूलद्रव्यं असेच रेषांवरून काढले होते. तरी एका रेषेवर विसंबणं धोक्याचंच, कारण १८६९ च्या ग्रहणात कोरोनात (सूर्याभोवतीच्या सर्वांत बाहेरच्या थरात) ५३०.३ ला हिरवी रेषा दिसली, तिच्यावरून ‘कोरोनियम’ काढलं आणि पुढे सत्तरेक वर्षांनी कळलं की ते साधं लोखंडच, फक्त १३ इलेक्ट्रॉन गमावलेलं!

कोकणवाट: भारीच. मग रोजच्या उन्हाच्या वर्णपटात हेलियमची रेषा का नाही दिसत, सूर्यावर तर ढिगाने आहे ना?

अणुरेणू: आहे, पण ती रेषा द्यायला किंवा शोषायला अणू आधी सुमारे २१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एकक) वर चढलेला लागतो, आणि साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठभागावर तेवढं कुठून येणार. पृष्ठभागाच्या वरच्या क्रोमोस्फियर नावाच्या थरात तापमान जास्त, शिवाय कोरोनाकडून अतिनील किरणांचा मारा, म्हणून तिथे ती चमकते. पण तो थर पातळ, झगमगाटात हरवतो, म्हणून कडेलाच बघावं लागतं.