तळटीपा न शिकता ईशज्ञान येतं का?

बोरिवली_स्लो
परवा माझा निबंध परत आला, म्हणून हा धागा. बारा वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतेय. आपल्यालाही जरा नीट यावं म्हणून यंदा मोठ्यांसाठीच्या संध्याकाळच्या ईशज्ञान (थिऑलॉजी) वर्गात नाव घातलं. पहिल्याच निबंधात मी ठोकून दिलं, "संत थॉमस अक्वायनस म्हणतात, जगात वाईट आहे, तेव्हा देव नसावा." समासात लाल शाईनं एवढंच: "हे थॉमस म्हणतात?"

नाही म्हणत. 'सुम्मा' या त्यांच्या मोठ्या ग्रंथातला प्रत्येक लेख 'असं दिसतं की...'नं सुरू होतो, आणि ते असतं समोरच्याचं म्हणणं. मग 'याउलट' म्हणून एखादा आधार (इथे बायबलातल्या 'निर्गम' पुस्तकातलं देवाचं 'मी आहे तो आहे'). त्यानंतर 'मी उत्तर देतो', तिथून थॉमस स्वतः बोलू लागतात. शेवटी एकेका आक्षेपाचा समाचार. म्हणजे आपला पूर्वपक्ष आणि सिद्धान्तच की! मी पूर्वपक्ष उचलून संताच्या तोंडी घातला. (उचलला व्हॉट्सॲपवरून, तेही कबूल.)

दाखला द्यायची रीतही तेव्हाच कळली. पान नाही लिहायचं, 'पहिला भाग, प्रश्न २, लेख ३' असं लिहायचं. आवृत्ती कुठलीही असो, जागा सापडते. आधी मला ही कारकुनी वाटायची. आता वाटतं, कोण बोलतंय, कुणाच्या बाजूनं बोलतंय आणि त्या बोलण्याला वजन किती, हे कळत नसेल तर विश्वासाबद्दल लिहू नये. शिकवूही नये.

गोराईकर
ताई, शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं. माझ्या आजीला सही येत नव्हती. मासळी विकून आली की हात धुऊन क्रुसापुढे रोझरीला, म्हणजे जपमाळेला, बसायची, आणि आम्हा सगळ्या नातवंडांना प्रार्थना तिनंच शिकवल्या. तिनं शिकवायला नको होतं का? फादर स्टीफन्सनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापलं, दहा हजारांवर ओव्या. लोकांनी ते गायलं, ते काय तळटीपांसाठी? ही सगळी युरोपातल्या सेमिनरीची (फादर घडवणाऱ्या शाळेची) शिस्त. इथे आणली की इंग्रजी मीडियमवाले पुढे आणि आमचा कोळी पुन्हा मागच्या बाकावर.

गोरेगाव_पूर्व
आजीनं प्रार्थना शिकवली, 'थॉमस असं म्हणतात' असं कुठे लिहून दिलं नाही. दोन्हीत गल्लत नको.

आमच्या पॅरिशच्या ग्रुपवर रोज 'चर्च म्हणतं' म्हणून काहीतरी येतं. कोण चर्च? परिषदेचं संविधान, पोपचं परिपत्रक, पोपनी विमानात पत्रकारांना दिलेलं उत्तर आणि यूट्यूबवरच्या एखाद्या फादरांचं प्रवचन, सगळं एकाच तागडीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं 'देई व्हेर्बुम' हे देवशब्दावरचं संविधान (१९६५) काढा, क्रमांक १० वाचा. ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देवशब्दाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. अधिकाराची ही उतरंड ज्याला ठाऊक आहे, तो फॉरवर्डवाल्याला निदान विचारू तरी शकतो, "कुठला क्रमांक?"

गोराईकर
क्रमांक विचारला की ग्रुपमधून काढतात. अनुभव आहे.

आणि भाषेचं काय, ते कुणीच बोलत नाही. १९६३ साली परिषदेनं उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, मग मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत आली. फादर दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. म्हणजे मराठी तोकडी नाही. तरी अभ्यासाचं काही लिहायचं म्हटलं की ताईंना विचारतील, इंग्रजीत का नाही?

कुंपणावरचा
दोघांनाही +१.

बोरिवली_स्लो
गोराईकर, 'शिकवूही नये' मागे घेते. आजीपुढे हरले. बाकीचं नाही घेणार.

दुसऱ्या निबंधाला मी विषय दिला होता 'देवाची दया'. सर म्हणाले, यात जन्म जाईल, एक वचन घ्या. घासत घासत उरलं लूकच्या शुभवर्तमानातलं १०:३३. शोमरोनी माणसाला रस्त्यात जखमी दिसतो आणि त्याला कळवळा येतो. मूळ ग्रीक क्रियापद 'स्प्लांख्निझोमाई'. त्यातलं 'स्प्लांख्ना' म्हणजे आतडी! इंग्रजीत 'कम्पॅशन' झालं आणि आतडी गेली. आपण मात्र रोज म्हणतो, पोरासाठी आतडं तुटतं.

पुढची गंमत शब्दसूचीत सापडली, रात्री भांडी आवरून बसले होते तेव्हा. लूक हेच क्रियापद आणखी दोनदा वापरतो, नाईन गावच्या विधवेपाशी (७:१३) आणि उधळ्या पुत्राच्या बापापाशी (१५:२०). आणि तिन्ही ठिकाणी आधी 'पाहिलं' येतं. आधी दिसतं, मग तुटतं. बारा वर्षं ही गोष्ट मुलांना सांगतेय, 'पाहिलं'वर कधी थांबले नव्हते.

गोराईकर
हे मराठीतच लिहिणार ना?

बोरिवली_स्लो
मराठीतच. इंग्रजीत आतडी कुठून आणू?

गोराईकर
मग एक तळटीप माझ्यातर्फे घाला. 'आतडं तुटणं', आजी, गोराई, तोंडी.

बोरिवली_स्लो
तोंडी दाखला कसा द्यायचा ते गुरुवारी सरांना विचारते. साल कुठलं घालू?